खालिदला काढलं तेव्हा

तर झालं असं की, २००१ साली हॉस्टेलवर रूममेटच्या कॉम्प्युटरवर मी 'बाल्डर्स गेट' खेळत होतो. पाच सीड्यांचा गेम. सहा जणांची टोळी जमवायची आणि भटकायचं. माझ्या टोळीत खालिद नावाचा एक योद्धा होता. बोलताना अडखळणारा आणि ऐन लढाईत घाबरून पळणारा. एकदा वैतागून मी त्याला टोळीतून काढलं, तर त्याची बायको जाहेराही त्याच्याबरोबर चालती झाली! ती तर माझी हुकमी लढवय्यी. रूममेट हसून म्हणाला, "अरे, नवऱ्याला हाकललंस तर बायको कशाला थांबेल?"

तेव्हा मला रागच आला होता. सोबती म्हणजे सोंगट्या, त्यांनी कसलं रुसायचं? पण हे रुसणं आलं कुठून, ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. त्यात प्रत्येक पात्रामागे एक खराखुरा मित्र असायचा. तो भांडायचा, अडून बसायचा, मदतीलाही धावायचा. हा प्रकार कॉम्प्युटरवर आला आणि टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. सगळी टोळी चालवायला एकच माणूस उरला.

१९८१ च्या 'विझर्ड्री'त टोळी म्हणजे निव्वळ गणित होतं. तिघे पुढे, तिघे मागे. पुढे चिलखतवाले, मागे मांत्रिक आणि पेट्या उघडणारा चोर. नावं आपणच द्यायची. एखादा मेला आणि देवळातही जिवंत झाला नाही, तर नवा बनवायचा. १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियटच्या 'अल्टिमा ४'ने सोबत्यांना स्वतःचं नाव आणि गाव दिलं. त्यांना गावोगाव शोधून बरोबर घ्यावं लागे.

आणि मग १९९८ च्या डिसेंबरात बायोवेअरचा 'बाल्डर्स गेट' आला. गणित जुनंच होतं. दणकट माणसं पुढे, तिरंदाज मागे, सापळे शोधायला एक चोर, जखमा भरायला कुणीतरी. अडचण आली की स्पेसबार दाबून लढाई थांबवायची आणि प्रत्येकाला हुकूम द्यायचा. पण आता या माणसांना मतं होती. तुमचं नाव खराब झालं की सज्जन सोबती सोडून जात, फार उजळलं की दुष्टांना ते सोसत नसे. थोडक्यात काय, रिकाम्या खुर्च्यांवर पुन्हा कुणीतरी येऊन बसलं होतं.

पुढे २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये सोबत्यांना नियम आधीच आखून देता येऊ लागले. अमक्याची तब्येत निम्म्यावर आली की त्याला बरं कर, वगैरे. पण त्यांची मर्जी सांभाळणं सुटलं नाही. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्येही ते आहेच.

असो. मला सांगायचंय ते खालिदबद्दल. २००० साली आलेला दुसरा भाग मी वर्षभराने खेळलो. सुरुवातीच्याच तळघरात खालिदचं प्रेत सापडतं. पहिल्या भागात तुम्ही त्याला कसंही वागवलेलं असो, हे टळत नाही. शेजारी जाहेराचा आक्रोश. मी माऊस सोडून नुसता बसून राहिलो.

गेल्या महिन्यात पहिला भाग पुन्हा खेळायला घेतला, तेव्हा कळलं की चूक माझीच होती. भित्र्या माणसाला मी सतत पहिल्या रांगेत ढकलत होतो. या खेळात सुरुवातीला धनुष्यबाण तलवारीपेक्षाही भारी पडतात. खालिदच्या हाती धनुष्य दिलं आणि त्याला जाहेराच्या मागे उभं केलं. आता तो क्वचितच पळतो.

पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे. तरी या वेळी त्याला शेवटपर्यंत बरोबर न्यायचं ठरवलंय.