मराठेशाहीतील कालनोंदी आणि संगणकीय सूचीतील दिनांक : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठेशाहीच्या इतिहासाची साधने अलीकडे संगणकीय सूचीत येऊ लागली आहेत. प्रत्येक कागदाची नोंद डेटाबेसमध्ये एका ओळीत होते आणि तिच्यात दिनांकासाठी बहुधा एकच स्तंभ असतो. अभ्यासक क्वेरीत दोन दिनांक देतो व त्यांमधील कागद त्याच्यासमोर येतात. ही सोय मोलाची आहे. परंतु मूळ कागदावरील मिती आणि स्तंभातील दिनांक या दोन गोष्टी एकच आहेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक प्रसंग, तीन वार

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे उदाहरण घेऊ. जेधे शकावलीत हा प्रसंग शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, रात्र सरावयास काही घटका असताना घडल्याची नोंद आहे. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असल्याने तो शुक्रवारच होय. मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्या इंग्रजांच्या गणनेने मात्र तीच वेळ शनिवार, दि. ६ जून १६७४ ठरते. हा दिनांक ज्युलियन आहे. पोर्तुगिजांनी ग्रेगोरियन दिनदर्शिका सोळाव्या शतकातच स्वीकारलेली असल्यामुळे त्यांच्या गणनेने तो १६ जून होतो.

आता संगणकाकडे वळू. १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले आयएसओ ८६०१ हे दिनांकलेखनाचे मानक ग्रेगोरियन गणनाच मागील शतकांनाही लावते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणालीही तसेच करतात. त्यांत ६ जून १६७४ असा दिनांक भरून वार विचारल्यास उत्तर बुधवार येते. असा वार कोणत्याही साधनात नाही.

इंग्रजी कागदांत आणखी एक अडचण आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या पहिल्या लुटीविषयीच्या कागदावर १६६३ हे वर्ष असू शकते. ते तसेच भरल्यास कागद क्रमवारीत एक वर्ष मागे जातो.

सुहूर सनाचा प्रश्न

पेशवाईतील पत्रांवर बहुधा सुहूर सन अरबी संख्याशब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. म्हणून त्यात वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवून इसवी सन काढतात. सन सौर, महिने मात्र मुसलमानी चांद्र. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने एका सुहूर वर्षात सुमारे अकरा चांद्र तारखा दोनदा येतात. अशा तारखेचा निर्णय पत्रातील मजकुरावरूनच करावा लागतो.

याहून गंभीर बाब अपुऱ्या नोंदींची आहे. एखाद्या पत्रावर केवळ सन ११६१ आहे असे समजा. स्तंभाला पूर्ण दिनांक हवा म्हणून नोंद करणारा १ जानेवारी १७६१ असे भरतो. पुढे पानिपतच्या लढाईचा, म्हणजे १४ जानेवारी १७६१ (पौष शुद्ध ८, शके १६८२) या सुमाराचा अभ्यास करणारा त्या महिन्याचे कागद मागवितो, तेव्हा हे पत्र समोर येते. प्रत्यक्षात ते लढाईपूर्वी सहा महिने किंवा नंतर चार महिने लिहिलेले असू शकते. अशा रीतीने नोंदीची सोय पुराव्याचे रूप घेते.

साधनांच्या मर्यादा व उपाय

सॉफ्टवेअरच्याही मर्यादा आहेत. एसक्यूएल सर्व्हरमधील जुना ‘डेटटाइम’ प्रकार १ जानेवारी १७५३ पूर्वीचा दिनांक स्वीकारीत नाही. ही सीमा इंग्लंडच्या १७५२ मधील बदलाशी निगडित आहे. एक्सेलचे दिनांक १९०० पासून सुरू होतात. त्यापूर्वीचा दिनांक निव्वळ अक्षरे म्हणून राहतो व कालक्रम बिघडतो.

यावर उपाय कठीण नाही. मूळ मिती जशीच्या तशी एका स्तंभात ठेवावी. दुसऱ्या व तिसऱ्या स्तंभांत शक्य असलेला सर्वांत आधीचा आणि सर्वांत नंतरचा दिवस द्यावा. चौथ्यात मूळ कालगणना व रूपांतराचा आधार नोंदवावा. क्वेरीत आधीचा दिवस शोधकाळाच्या शेवटापूर्वी आणि नंतरचा दिवस शोधकाळाच्या आरंभानंतर, सीमेवरचे दिवस धरून, अशी अट घालावी. म्हणजे संदिग्ध कागद संदिग्ध म्हणूनच मिळतील. तुलनेसाठी दिवसांची अखंड मोजणी वापरावी. ही कल्पना आपणास परकी नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ हा आरंभ धरून रचलेल्या ‘ग्रहलाघवा’त अहर्गण ४०१६ दिवसांच्या चक्रांनी मोजला आहे.

निष्कर्ष

मितीचे रूपांतर हे इतिहासकाराचे अनुमान आहे. मूळ मिती हा पुरावा आहे. दोन्ही एकाच स्तंभात मिसळल्यास पुढील अभ्यासकास अनुमान तपासण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून सूचीच्या स्तंभांची आखणी तंत्रज्ञावर न सोपविता त्या कामी इतिहासाच्या अध्यापकांनी आरंभापासून सहभागी होणे आवश्यक आहे.