भिशीतला पहिला नंबर

तीस-पस्तीस वर्षं माळ्यावर धूळ खात टिकून राहिलेलं मशीन मी तीन सेकंदांत मारलं.

आत्याच्या घरी रंगकाम निघालं तेव्हा माळ्यावरून एक खोकं खाली आलं. आत एक काळा कीबोर्ड आणि तीन कॅसेटी. कीबोर्डवर नाव होतं डीबी स्पेक्ट्रम प्लस. तो नुसता कीबोर्ड नव्हता, अख्खा कम्प्युटर त्याच्या पोटातच होता. जुने कम्प्युटर आणि व्हिडिओ गेम गोळा करायचा नाद मला आहे हे आत्याला ठाऊक असल्यामुळे तिने खोकं माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "चालू होईल का रे? एका कॅसेटीत माझी भिशी आहे."

घरी येऊन मी ९ व्होल्टचा एक अ‍ॅडॉप्टर शोधला. पिन नीट बसली, मी बटण दाबलं आणि करपल्याचा वास आला. स्पेक्ट्रमच्या पिनेत आतलं टोक ऋण असतं, आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांत ते धन असतं. हे मला माहीत होतं. घाईत बघायचं राहिलं. आत्याला मी काहीच सांगितलं नाही.

या मशीनची गोष्ट ब्रिटनमधली. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. १६ के मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. कम्प्युटर म्हणजे ऑफिसातली वस्तू, हा समज मोडून तो मध्यमवर्गीय घरातल्या टीव्हीला जोडायचा हा त्यामागचा हिशोब. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात, टाइमेक्सच्या घड्याळांच्या कारखान्यात हे कम्प्युटर जोडले जायचे आणि तिथल्या कामगारांत बहुसंख्य बायका होत्या. १९८४ मध्ये रबरी बटणांऐवजी कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आला. १९८६ मध्ये सिंक्लेअरने कम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकला. त्याच वर्षी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात हा डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला. माझ्या आजोबांनी तो घेतला तो बाबांसाठी, मुलगा कम्प्युटर शिकेल म्हणून. बाबा त्यावर गेम खेळले. शिकली आत्या.

मशीन उघडलं की कळतं, पैसे कुठे कुठे वाचवलेत. ४८ केपैकी खालची १६ के मेमरी आठ चिपांत असते. त्यांचा नंबर ४११६. वरच्या ३२ केसाठी तर सिंक्लेअरने अर्ध्या बिघडलेल्या चिपा स्वस्तात घेतल्या होत्या. ६४ किलोबिटच्या चिपेतला एक अर्धा भाग सदोष असेल, तर उरलेला चांगला अर्धा वापरायचा. बोर्डावर तारेचा एक तुकडा असतो, कुठला अर्धा भाग वापरायचा ते तो ठरवतो. दुसऱ्याने टाकून दिलेलं घेऊन संसार चालवायचा, तसंच हे. एवढ्यात सगळं भागवायचं होतं. तुमच्या फोनमधल्या एका साध्या फोटोत अशा पन्नास-साठ मशीनांची मेमरी मावेल.

माझं मशीन टीव्हीला जोडलं तर पडद्यावर नुसते उभे पट्टे. हा आजार ओळखीचा आहे. ४११६ चिपेला एकाच वेळी तीन व्होल्टेज लागतात : अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. ९ व्होल्टांतून ती तयार करायला बोर्डावर एक गुंडाळी आणि टीआर ४ नावाचा ट्रान्झिस्टर असतो. उलटा करंट गेला की बहुतेक वेळा आधी तोच जातो. मग उणे ५ मिळत नाही, आणि ते न मिळता बाकीचे व्होल्टेज मिळत राहिले तर चिपा तापून मरतात. मल्टिमीटर लावला. उणे ५ च्या जागी शून्य.

ट्रान्झिस्टर बदलला. तिन्ही व्होल्टेज आली, पट्टे तसेच. मग चिपांवर एकेक करून बोट ठेवलं. दोन चटका देत होत्या. त्या काढून सॉकेट बसवले आणि जुन्या बोर्डावरून उपसलेल्या दोन चिपा लावल्या. ठिसूळ झालेला कीबोर्डाचा पडदाही बदलला. पडद्यावर खाली १९८२ ची ती ओळ उमटली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

राहिली कॅसेट. यात प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात असतो. आधी लांब शिटी, मग खरखर. टेप पुन्हापुन्हा फिरवायची नाही म्हणून एकदाच वाजवून आवाज फोनवर घेतला आणि तो फोनमधून मशीनला ऐकवला. मशीन म्हणालं, टेप लोडिंग एरर. टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, स्क्रू कणभर फिरवून त्याचा कोन जुळवला आणि नव्याने रेकॉर्ड केलं. चौथ्या खेपेला दोन फाइली मिळाल्या. भिशी एक, भिशी दोन.

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आत्याकडे गेलो आणि आधी अ‍ॅडॉप्टरचं कबूल केलं. ती म्हणाली, "मीही एकदा उलटा लावला होता. तेव्हा बाबांनी दुरुस्त करून आणला." मग तिने भिशीची हकिगत सांगितली. बारा बायका, महिन्याला शंभर रुपये. चिठ्ठ्या काढताना कुरबूर व्हायची म्हणून तिने प्रोग्रॅम लिहिला : बारा नावं, ज्यांना मिळाली त्या वगळायच्या, उरलेल्यांतून मशीन एक नाव काढणार. पहिल्या महिन्यात यादीतलं पहिलं नाव आलं, दुसऱ्यात दुसरं, तिसऱ्यात तिसरं. यादी आजीच्या नावाने सुरू होत होती. बायकांनी मशीनकडे बघितलं नाही, आजीकडे बघितलं.

चूक मशीनची नव्हती आणि आजीचीही नव्हती. स्पेक्ट्रम चालू केल्यावर तो काढतो तो पहिला 'यादृच्छिक' आकडा दरवेळी एकच असतो, सुमारे ०.००११. त्याला बाराने गुणा नाहीतर दहाने, येणारा नंबर पहिलाच. आत्याने सोबतचं पुस्तक चाळून कारण शोधलं आणि एक ओळ वाढवली, रँडमाइझ. मग मशीन चालू होऊन किती वेळ झाला यावरून आकडा ठरू लागला. भिशी दोन म्हणजे ही एक ओळ. पुढच्या महिन्यात तिने सगळ्यांना पडद्यासमोर बसवून ती ओळ वाचून दाखवली. इंग्रजी कुणालाच फारसं येत नव्हतं. पण भिशी मोडली नाही.

"पहिली लाव," आत्या म्हणाली.

भिशी एक चालवली. इंग्रजी अक्षरांत आजीचं नाव आलं. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा लोड केलं.

पुन्हा आजीच.