जुनी मोटार आणि लांबचा रस्ता

१९६८ सालच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत एक अजब वरात आली. लग्नाची नव्हे, मोटारींची. २४ नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ मोटारी सिडनीला जायला निघाल्या होत्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा मुलूख तुडवीत त्यांतल्या सत्तरेक मोटारी धुळीने माखून, कुणाचा दिवा फुटलेला तर कुणाचे बॉनेट चेपलेले, अशा मुंबईस पोचल्या आणि पी. अँड ओ. कंपनीच्या ‘चुसान’ बोटीत चढून ऑस्ट्रेलियाकडे गेल्या. शर्यत जिंकली अँड्र्यू कॉवन यांच्या हिलमन हंटरने. १९३० सालची एक बुजुर्ग बेंटलेही त्या मेळ्यात निघाली होती. ती बिचारी तुर्कस्तानातच रस्त्याखाली उतरली आणि मुंबई काही तिला दिसली नाही.

असले काही पाहिले की गिरगावातल्या चाळीत रात्री गॅलरीत चर्चा ही व्हायचीच. ते लोक तिकडून इकडे येतात, तर आपण इकडून तिकडे का जात नाही? एखादी जुनीपानी मोटार घ्यावी, चार मित्रांनी वर्गणी काढावी, आणि खंडाळ्याच्या घाटाऐवजी खैबरच्या घाटाने निघावे! विचार वेडगळ नव्हता. इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन पोरे नेमके हेच करीत होती. १९५३ साली निकोला बूव्हिए हा स्विस तरुण आपल्या चित्रकार मित्राला घेऊन एका चिमुकल्या फियाट तोपोलिनोतून निघाला आणि पुढच्या वर्षअखेरीस खैबरखिंडीशी येऊन ठेपला. आता गंमत पाहा. तीच तोपोलिनो पन्नाशीच्या सुरुवातीला आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातही जुळवली जात होती. म्हणजे मोटार इथेही होती, हौसही होती. अडले कुठे?

ते कळायला आधी हे समजून घेतले पाहिजे की लांबच्या प्रवासाला माणसे जुनी मोटारच का घेत. नुसते पैसे वाचावेत म्हणून नव्हे. एक तर जुन्या, साध्या इंजिनाची दुरुस्ती वाटेतला कुठलाही मिस्त्री पाना आणि हातोडी घेऊन करू शकतो. पण खरे कारण इंजिनात नसून कागदात आहे. मोटार घेऊन देशोदेशींच्या सीमा ओलांडायच्या तर ‘कार्ने’ नावाची एक वही लागते. तुमच्या देशातला मोटारसंघ ती देतो. तिच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना जकातवाला एक फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के उमटून तो वहीतच राहतो. अर्थ एवढाच, की ही मोटार मी तुमच्या देशात विकणार नाही, जशी आणली तशी परत नेईन. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाची सगळी जकात मोटारसंघाने भरायची. आणि संघ ती तुमच्याकडून वसूल करणार, म्हणून तो आधीच तारण किंवा बँकेची हमी मागून ठेवतो. ही हमी मोटारीच्या किमतीवर आणि वाटेतल्या देशांच्या जकातीवर ठरते. इराण, पाकिस्तान आणि आपला हिंदुस्थान हे तर भारी जकातीचे देश. तेव्हा मोटार जितकी स्वस्त, तितकी हमी लहान. लंडनमध्ये मोडीच्या भावात घेतलेले खटारे या हिशेबाने फार शहाणपणाचे ठरे.

मुंबईत मात्र हा हिशेब साफ उलटा झाला होता, आणि त्याची गोष्ट आपल्या परळ-शिवडीपासून सुरू होते. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. खोक्यांतून सुटे भाग यायचे, इथल्या कामगारांच्या हातून शेवरलेट उभी राहायची. गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणाऱ्या वस्तीत हा एक नवाच धंदा आला. फोर्डनेही मुंबईत तसेच काम चालवले होते. पुढे महायुद्ध संपल्यावर लष्करी जीपगाड्या आणि ट्रक ‘डिस्पोजल’मध्ये निघाले. सेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला १९४७ पासून गाड्या बाहेर काढल्या. त्या काळात ऑपेरा हाऊसकडे मोटारींचे व्यापारी आणि सुट्या भागांची दुकाने होती. तिथे मिळाले नाही तर भेंडीबाजाराच्या अंगाला चोरबाजार होताच. सकाळी आपल्या चाकावरून नाहीशी झालेली चकती संध्याकाळी तिथे रोख पैशाने परत मिळते, अशी त्याची ख्याती!

मग १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना मोटार इथे खरोखर बनवायची असेल त्यांनीच राहावे, नुसती जुळवणी पुरे झाली, असे सरकारने ठरवले. वर्षभरात जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा गुंडाळला, फोर्डनेही मुंबई सोडली. धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. स्वतःचा कारखानदारी पाया घालायचा तर काही दारे लावावी लागतात. पण त्या दारामागे जो राहिला त्याचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. बाजारात उरल्या कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याकडची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. किमती सरकारने बांधलेल्या, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याचा नंबर आज लागला त्याने फियाट घरी नेऊन दुसऱ्या दिवशी विकली तर भरलेल्या पैशापेक्षा अधिक पैसे हातात पडत. जुनी गाडी नव्याहून महाग! परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत निविदा मागवून विकल्या जात, आणि त्यांवर पैसेवाल्यांच्या उड्या पडत.

त्यामुळे जुनी मोटार घेणे हे आपल्याकडे प्रवासाचे साधन राहिले नाही. ते सोने घेण्यासारखे झाले. घेताना ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यायचा. तो इंजिन चालू करून मागच्या नळीशी उकिडवा बसे. निळा धूर आला तर इंजिन तेल खाते, काळा आला तर पेट्रोल जास्त पिते. मग बॉनेटला कान लावून डॉक्टरासारखा गंभीर चेहरा करी आणि मालकाने सांगितलेल्या किमतीतून त्याच्या चेहऱ्याच्या मानाने पैसे कमी होत. दसऱ्याला त्या गाडीला झेंडूची माळ आणि समोर नारळ. अशी घरची लक्ष्मी कोण काबूलच्या दगडधोंड्यांत घालील? आणि घालायची म्हटले तरी तिची चढी किंमत धरून हमी द्यायची, म्हणजे घरच गहाण टाकायचे.

एवढे करून कुणी जिद्दीने वही मिळवलीच, तरी खिशात काय? १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर परदेशी जाणाऱ्याला हाती तीन पौंड मिळत. त्या वेळच्या दराने चाळीस रुपये. त्यांत लंडनपर्यंत पेट्रोल कसे पुरवावे? म्हणून आपली शिकणारी मुले बॅलार्ड पिअरवरून ‘आशिया’ किंवा ‘व्हिक्टोरिया’ या इटालियन बोटींनी गेली. भाडे इथेच रुपयांत भरता येई आणि बोटीवर जेवण मिळे. मोटार त्यांनी घेतली ती तिकडे नोकरी लागल्यावर, तिथल्याच बाजारात, जुनी आणि स्वस्त.

उलट बाजूने येणाऱ्या गोऱ्या पोराची फजिती निराळी. चार पौंडांच्या खटाऱ्यातून तो मुंबईत उतरला, की भोवती गर्दी जमे आणि ‘बेचनेका है क्या?’ हा प्रश्न येई. त्याच्या देशात भंगारात गेली असती अशा गाडीला इथे तो स्वप्नात पाहणार नाही एवढा भाव. पण वहीच्या तिसऱ्या तुकड्यावर बाहेर पडल्याचा शिक्का नव्हता ना! विकली तर जकात, न विकली तर परत तितकाच रस्ता. एका टोकाला कवडीमोल आणि दुसऱ्या टोकाला मोलाची अशी ती एकच मोटार, आणि मधे कागदाची एक वही.

पुढे रस्ताच आटला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी पंजाबची सीमा बंद पाडली होती, ती पुन्हा उघडली. पण १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि लंडन-दिल्ली वाट हौशी प्रवाशांपुरती संपली. इकडे १९८३ साली मारुती आली, १९९३ साली मोटारधंद्याचा परवाना सुटला आणि हळूहळू नंबर लावणे विसरले गेले. कुर्ल्याची पद्मिनी टॅक्सी म्हणून तेवढी टिकून राहिली. शेवटची ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या दिवाळीआधी तीही रस्त्यावरून उठली.

आता मुंबईत जुनी मोटार खरोखरच जुन्याच्या भावात मिळते. बाहेर खर्चायला चलनही मिळते. हौशी माणसे आजही निघतात, पण वाघ्यावरून नव्हे. ती मोटार बोटीत चढवून आखाताकडे पाठवतात आणि स्वतः विमानाने जाऊन तिथे ती उतरवून घेतात. इराणच्या सीमेवर जकातवाला अजून ती वही मागतो, पान फाडतो आणि शिक्का मारतो.