मुतखड्याचा इतिहास आणि बायकांचं पाणी

मुतखडा हा शब्द चारचौघींत पूर्ण उच्चारायला आपण बिचकतो. ‘खडा झालाय’ एवढंच म्हणतो आणि पुढचं समोरचीनं समजून घ्यायचं. आज मात्र मी तो शब्द पुष्कळदा उच्चारणार आहे, कारण आजची गोष्ट त्याचीच आहे. ती बरीच जुनी आहे आणि तिच्यात बायका फार थोड्या ठिकाणी दिसतात. जिथे दिसतात तिथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

आधी दुखण्याबद्दल. मूत्रपिंडातून लघवीच्या पिशवीकडे येणारी नळी साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. खडा मूत्रपिंडात निवांत बसलेला असतो तोवर बहुतेकींना पत्ताही लागत नाही. तो या नळीत उतरला आणि अडकला, की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं, आणि नळी त्याला पुढे ढकलायला आवळते. म्हणून कळ लाटेसारखी येते. कमरेच्या एका बाजूला सुरू होते, ओटीपोटाकडे, जांघेकडे उतरते. उलट्या होतात. अपेंडिक्सचा रोगी हलत नाही, निपचित पडून राहतो. मुतखड्याचा रोगी उठतो, बसतो, लोळतो, भिंतीला डोकं टेकतो, कशानंच बरं वाटत नाही. आमच्या एका गटातल्या ताई तीन बाळंतपणं झालेल्या. त्या म्हणाल्या, “बाळंतपणात कळ यायची तेव्हा पुढं लेकरू हाती येणार हे ठाऊक असायचं. हिथं काय येणार? ज्वारीएवढा खडा.”

या ज्वारीएवढ्या खड्यानं माणसाला किती काळ छळलंय, तर इजिप्तमध्ये एल अम्रा या ठिकाणी सापडलेल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या सांगाड्यात मूत्राशयातला खडा मिळाला होता. तो लंडनच्या संग्रहालयात ठेवला होता आणि १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत या रोगाला ‘अश्मरी’ म्हटलंय. अश्म म्हणजे दगड. त्यात खडा कसा होतो हे सांगताना दिलेला दाखला तुम्हांला लगेच पटेल. नव्या कोऱ्या घड्यात अगदी स्वच्छ पाणी भरून ठेवलं तरी काही काळानं तळाशी गाळ बसतोच, तसाच हा खडा. माठ घासणाऱ्या बाईला याहून वेगळं काय सांगायचं?

पुढे शस्त्रक्रियेचं वर्णन आहे आणि ते ऐकायला अवघड आहे. भूल नव्हती. रोग्याला एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या मांडीवर टेकवून बांधायचं, वैद्यानं तेल लावलेली बोटं गुदद्वारातून घालून खडा खाली आणायचा, शिवणीच्या डाव्या बाजूला छेद द्यायचा आणि वाकड्या टोकाच्या हत्यारानं खडा ओढून काढायचा. त्यानंतर रोग्याला कोमट पाण्याच्या टाकीत बसवायचं. सुश्रुत हेही सांगतो की आधी राजाची परवानगी घ्यावी, कारण शस्त्रक्रिया न केली तर मरण नक्की आणि केली तर यश अनिश्चित.

दोन वाक्यं मला फार महत्त्वाची वाटतात. एक, खडा काढताना फुटू देऊ नये; थोडा चुरा जरी आत राहिला तरी तो पुन्हा वाढतो. दुसरं, बाईच्या बाबतीत गर्भाशय मूत्राशयाला लागून असतो, म्हणून तिला छेद वेगळ्या तऱ्हेनं द्यावा, नाहीतर कायमची जखम राहून लघवी गळत राहील. इतक्या जुन्या ग्रंथात बाईचं शरीर वेगळं आहे हे ध्यानात घेऊन लिहिलेलं वाचलं की बरं वाटतं. आज कितीतरी ठिकाणी ते ध्यानात घेत नाहीत.

ग्रीसमधल्या वैद्यांची जी प्रसिद्ध शपथ आहे, हिपोक्रेटिसच्या नावची, तिच्यात मुतखड्यासाठी कापाकापी मी करणार नाही, ते काम करणाऱ्यांवर सोडीन, अशा अर्थाचं कलम आहे. म्हणजे हे काम करणारे वेगळे लोक होते. युरोपात शेकडो वर्षं ते गावोगाव फिरून खडे काढत. रोगी जगला की नाही हे कळायच्या आत त्यांतले काही पुढच्या गावी गेलेले असत.

लंडनमध्ये सॅम्युअल पेपिस नावाचा एक सरकारी कारकून होता. त्याची रोजनिशी जगप्रसिद्ध आहे. त्याचं हे ऑपरेशन २६ मार्च १६५८ ला एका नात्यातल्या बाईच्या घरी झालं. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. निघालेला खडा टेनिसच्या चेंडूएवढा. पेपिस जगला आणि दर वर्षी त्या तारखेला तो जिवलगांना जेवण घालायचा. खड्यासाठी त्यानं खास पेटी करून घेतली होती आणि खडा लोकांना दाखवायचा. आता त्याच्या आईचं ऐका. तिलाही हाच रोग होता. एकदा तो आईला भेटायला गेला तेव्हा तिचा खडा नुकताच पडला होता. तिनं तो चुलीत टाकला होता आणि लेकाला दाखवायला शोधला तर सापडेना. रोजनिशीत एवढीच नोंद आहे. लेकाच्या खड्याला पेटी, मेजवानी. आईचा खडा राखेत, आणि ती बहुतेक पुढच्या कामाला लागली असणार. पेपिस १७०३ मध्ये गेला तेव्हा त्याच्या डाव्या मूत्रपिंडात आणखी सात खडे निघाले. एकदा काढला म्हणजे सुटलो असं या रोगात नसतं.

आता जिच्यासाठी मी हे भाषण लिहायला घेतलं ती बाई. जोआना स्टीफन्स. अठराव्या शतकातली इंग्लंडची. ती मुतखडा विरघळवणारं औषध द्यायची. कापून घेण्याच्या भीतीनं मोठमोठी माणसं तिच्याकडे यायची. १७३८ मध्ये तिनं जाहीर केलं की ५००० पौंड द्या, मी कृती सगळ्यांसाठी खुली करते. लोकांनी वर्गणी काढली. बिशपांनी दिली, सरदारांनी दिली, तरी जेमतेम १३५० पौंडांच्या आसपास जमले. मग इंग्लंडच्या पार्लमेंटनं १७३९ मध्ये कायदा करून ही रक्कम सरकारी तिजोरीतून द्यायचं ठरवलं. कृती छापली गेली: भाजून चुना केलेली अंड्यांची टरफलं आणि गोगलगायी, साबण, मध, काही जळवलेली झाडपाला-बियाणी. औषध घेतलेल्या चौघांना तपासलं, खडा लागत नाही असा निर्वाळा दिला गेला आणि बाईला पैसे मिळाले. पाच हजार पौंड म्हणजे तेव्हा पिढ्यांची सोय.

इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढे तिला भोंदू ठरवलं. मला तो निकाल फार घाईचा वाटतो. तिच्या औषधानं मोठे खडे विरघळले नाहीत हे खरं. तिची बाजू हिरिरीनं मांडणारा डॉक्टर डेव्हिड हार्टली स्वतः मुतखड्याचा रोगी होता आणि त्यानं अनेक वर्षं हा साबण खाल्ला, तरी त्याचा रोग गेला नाही. पण चुना आणि साबण यांनी लघवीची आंबटाई कमी होते, आणि युरिक ॲसिडचे खडे अशा लघवीत खरोखरच विरघळू शकतात. आजचे डॉक्टर त्यासाठीच पोटॅशियम सायट्रेट देतात. शिवाय तिच्या कृतीवरून विद्वानांत चुन्याच्या निवळीबद्दल वाद पेटला. एडिंबरोचा तरुण विद्यार्थी जोसेफ ब्लॅक खड्यावर सौम्य औषध शोधायला गेला, आणि त्या प्रयोगांतून १७५० च्या दशकात त्याच्या हाती जे लागलं त्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. अंड्याच्या टरफलांपासून निघालेली वाट रसायनशास्त्रापर्यंत गेली. पुस्तकात ब्लॅकचं नाव आहे, स्टीफन्सबाईचं नाही.

पुढचं भराभर सांगते. १८२४ मध्ये पॅरिसच्या सिव्हिआल या डॉक्टरानं लघवीच्या वाटेनं हत्यार घालून खडा आतल्या आत फोडून दाखवला. १८४६ मध्ये भूल आली. ७ फेब्रुवारी १९८० ला जर्मनीतल्या म्युनिकमध्ये पहिल्यांदा शरीराबाहेरून लाटा सोडून मूत्रपिंडातला खडा फोडला. ते यंत्र विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीनं बनवलं होतं. आज तालुक्याच्या गावातही दुर्बिणीनं खडा काढतात. गंमत म्हणजे सुश्रुताचा इशारा अजून तसाच लागू आहे. फोडल्यावर चुरा मागे राहिला तर त्यावर नवा खडा धरतो.

पण खडा काढण्याच्या इतिहासापेक्षा खडा कोणाला होतो हा इतिहास मला जास्त जवळचा वाटतो. जुन्या काळी हा लहान मुलांचा रोग होता, त्यातही गरीब घरच्या मुलांचा, आणि खडा मूत्राशयात व्हायचा. सुश्रुतानंही मुलांचा वेगळा उल्लेख केलाय. इंग्रजांच्या काळात दक्षिणेत कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचे डॉक्टर आहारावर प्रयोग करत होते. त्यांनी उंदरांना नुसत्या पिठाचा निकस आहार दिला, तर खडे झाले. त्याच आहारात दूध घातलं, तर टळले. १९३१ च्या सुमारास त्यांनी हे मांडलं. म्हणजे मुलाच्या पोटातल्या खड्याचं मूळ ताटात होतं. मुलांना दूध, डाळ मिळू लागली तिथे हा रोग ओसरला. आणि त्याच्या जागी मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडातला खडा वाढला. तो पुरुषांना अधिक होतो. अमेरिकेत मात्र अलीकडे बाई-पुरुषांतलं हे अंतर कमी होत चाललंय.

आता पाण्याकडे येऊ. इटलीत बोर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला खडा झालेल्या १९९ जणांना पाच वर्षं पाहिलं. अर्ध्यांना सांगितलं, दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. बाकीच्यांना काही सांगितलं नाही. १९९६ मध्ये निकाल छापला: पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना खडा पुन्हा झाला, न सांगितलेल्यांत २७ टक्क्यांना. औषध नाही, काही नाही, नुसतं पाणी. दोन लिटर लघवी व्हायची तर अडीच ते तीन लिटर प्यावं लागतं आणि ऊसतोडीच्या, खुरपणीच्या उन्हात त्याहून जास्त. तुमच्या तांब्यात किती मावतं ते एकदा लिटरच्या बाटलीनं मोजून पाहा. लघवी फिकट असेल तर बरं, हळदीसारखी गडद असेल तर कमी पडतंय.

आमच्याकडे पहिला आरोप बोअरच्या जड पाण्यावर होतो. त्याचा दोष अभ्यासांत पक्का ठरलेला नाही. कमी पाण्याचा ठरलेला आहे. आणि बाई पाणी कमी का पिते हे मी तुम्हांला सांगायला नको. शेतात आडोसा नाही. बाजाराच्या दिवशी स्टँडवरच्या संडासाला कुलूप. मीटिंगला तालुक्याला जायचं म्हणून सकाळपासून घोटही घेत नाहीत अशा कितीतरी जणी माझ्या गटांत आहेत. मुंबईत २०११ मध्ये संस्था-संघटनांनी ‘राइट टू पी’ म्हणून मोहीमच काढली, की बाईला शहरात फुकट आणि स्वच्छ मुतारी मिळाली पाहिजे. लोक हसले होते. त्यांनी मूत्रपिंडाचा फोटो पाहिला नसणार.

दुसरं, दूध सोडू नका. खड्यात कॅल्शियम असतं म्हणून बायका दूध-दही बंद करतात. २००२ मध्ये बोर्गींनीच वारंवार खडा होणाऱ्या १२० पुरुषांवर पाहिलं. कॅल्शियम तोडलेल्या ६० पैकी २३ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना. जेवणातलं कॅल्शियम पालकासारख्या भाजीतल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि ते शौचावाटे जातं. आपल्या आज्या पालकाची पातळ भाजी ताकात करायच्या ते बरंच होतं. मीठ मात्र कमी करा. आमचेच गट पापड-लोणची विकतात, तरी सांगते. लिंबू पिळून पाणी प्या, त्यातलं सायट्रेट उपयोगी पडतं.

हुलग्याच्या कढणाला माझी हरकत नाही. जुन्या वैद्यकातही कुलत्थ आहे, आणि निदान तेवढं पाणी तरी पोटात जातं. पण कढणावर महिने काढू नका. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडलाच असं नाही. आमच्याकडच्या एका बाईंनी कळ थांबली म्हणून गटाकडे कर्जाचा अर्ज केला नाही आणि सोनोग्राफीही केली नाही. खडा नळीतच होता. पुढच्या हंगामात तपासलं तेव्हा ते मूत्रपिंड जवळजवळ निकामी झालेलं. सोनोग्राफीचा खर्च आणि नंतरचा खर्च यांत किती फरक पडला ते गटाच्या वहीत आहे.

पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपसूक पडतात. डॉक्टरांनी वाट पाहायला सांगितली असेल तर लघवी गाळणीतून करा. खडा सापडला तर पेपिसच्या आईसारखा चुलीत टाकू नका, डबीत घालून दवाखान्यात न्या, तो कशाचा आहे ते तपासता येतं. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्यांनी पाणीही टिकेना, किंवा बाई गरोदर असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करा. १०८ ला फोन लावा.