खोकला नाही, ताप नाही, तरी रक्त कशाला?

आज जाऊ या मे २०२० मध्ये.

आठवतंय ना? रोज संध्याकाळी मोबाईलवर आकडा यायचा: जिल्ह्यात आज इतके पॉझिटिव्ह. आपल्या हिंगोलीत सुरुवातीच्या रुग्णांमध्ये बरेचसे राज्य राखीव पोलीस दलाचे जवान होते. मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले. त्यांची तपासणी झाली, म्हणून ते सापडले. पण ज्याला काही त्रासच नाही, त्याची तपासणी कोण करणार? मग खरा आकडा किती?

हे शोधायला आयसीएमआरनं देशातले ७० जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले सहा: बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर, जळगाव. हिंगोली यादीत नव्हतं, पण आपले दोन शेजारी होते. आणि १ मे १९९९ पर्यंत आपण परभणीतच तर होतो!

पद्धत साधी. प्रत्येक जिल्ह्यात १० ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी ४० घरं, एका घरातून एकच प्रौढ माणूस. थोडंसं रक्त घ्यायचं. विषाणू येऊन गेला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, बनवतं. माणूस आजारी पडो वा न पडो. त्या ओळखणारी 'कवच एलायझा' चाचणी पुण्याच्या एनआयव्हीनं तयार केली होती.

देशभरात २८,००० जणांचं रक्त तपासलं. अँटीबॉडी निघाल्या ०.७३ टक्के लोकांत. शंभरात एकसुद्धा नाही! पण हेच प्रमाण अख्ख्या देशाला लावलं, तर मेच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ६४ लाख प्रौढांना लागण होऊन गेली होती. म्हणजे नोंद झालेल्या एका रुग्णामागं ८० हून जास्त लागणी.

सगळीकडे चित्र सारखं नव्हतं. जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के, बाहेर १६ टक्के. एकच शहर, एकच महिना. फरक दाटीवाटीचा, सामायिक संडासांचा. जून-जुलै २०२१ पर्यंत देशाचा आकडा ६७.६ टक्क्यांवर गेला. त्यात आता लसीमुळं आलेल्या अँटीबॉडीही होत्या.

यातून दोन गोष्टी कळल्या. "मला कुठं काय झालंय?" म्हणणारा माणूसही घरातल्या आजीपर्यंत विषाणू नेऊ शकत होता. आणि पहिल्या पाहणीत शंभरातल्या नव्व्याण्णवांना लागण व्हायची अजून बाकीच होती. संकट सरलं म्हणायला फार लवकर होतं.

त्या दिवसांत, अनोळखी माणूस दारात आला तरी धडकी भरायची. अशा वेळी परभणी-नांदेडच्या घरांतल्या धडधाकट माणसांनी हात पुढं केला. साथीचा खरा इतिहास त्यांच्या रक्तामुळं कळला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!