जुन्या कार्डाशी कोण बोलणार?

रेडिऑन ८५०० या ग्राफिक्स कार्डाच्या ओपन सोर्स ड्रायव्हरच्या फाइली उघडून बघितल्या, तर सुरुवातीलाच एक सूचना दिसते. या ड्रायव्हरच्या पहिल्या आवृत्तीसाठी 'द वेदर चॅनेल'नं टंग्स्टन ग्राफिक्स या कंपनीला पैसे दिले होते आणि ही नोंद इथून काढू नये, असं तिथे लिहिलंय. साल २००२. म्हणजे कार्ड बनवलं कॅनडातल्या एटीआय कंपनीनं, आणि लिनक्सवर ते नीट चालावं म्हणून पैसे मोजले अमेरिकेत पाऊस-वाऱ्याच्या बातम्या देणाऱ्या एका टीव्ही वाहिनीनं! जुन्या कार्डांच्या या इतिहासात मी शिरले ती अशा नोंदी वाचत वाचतच.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. गेम म्हणतो, इथे एक त्रिकोण काढ. कार्डाला एवढंच कळतं, की अमुक रजिस्टरमध्ये तमुक आकडा पडला. कुठलं रजिस्टर, कुठला आकडा, कुठल्या क्रमानं, हे सगळं चिपच्या कागदपत्रांत असतं, आणि ते कागद कंपनीच्या कपाटात. विंडोजसाठी कंपनीच ड्रायव्हर लिहिते, त्यामुळे तिथे त्या कागदांवाचून कुणाचं अडत नाही. लिनक्सवर अडतं. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये 'मेसा' सुरू केलं, तेव्हा ते सगळी चित्रं साध्या प्रोसेसरवर काढायचं. पुढे तेच ओपन सोर्स थ्रीडी ड्रायव्हरांचं घर झालं. पण घर असून काय, कार्डांची भाषा कुणी शिकवली तर ना!

सुरुवातीच्या रेडिऑनचे कागद एटीआयनं मोजक्या लोकांना दिले होते, तेही बाहेर बोलणार नाही अशा करारावर सही घेऊन. २००२ मध्ये रेडिऑन ९७०० आलं आणि थ्रीडीच्या बाबतीत तेही बंद झालं. कंपनीचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर होता, पण तो आतून कुणाला बघता येत नव्हता. मग काही जणांनी पाळत ठेवायला सुरुवात केली. कंपनीच्या ड्रायव्हरकडून एखादं साधं चित्र काढून घ्यायचं, तो कार्डाला काय काय पाठवतो ते टिपायचं, चित्रात एकच बदल करायचा आणि परत टिपायचं. दोन नोंदींत जिथे फरक पडला, तिथे अर्थ लपलेला. अनोळखी लिपी वाचायची हीच पद्धत. एवढाच फरक, की ही लिपी ज्यांनी लिहिली ती माणसं जिवंत होती, नोकरीवर होती आणि गप्प होती.

२००६ मध्ये एएमडीनं एटीआय विकत घेतली. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीनं जाहीर केलं, की कागद उघडे करणार, करार नाही, सही नाही. त्याच महिन्यात रजिस्टरांच्या माहितीची शेकडो पानं बाहेर आली. २००८ च्या सुरुवातीला एक्स१००० मालिकेची थ्रीडीची माहितीही आली. पाळत ठेवून लावलेले अर्थ आता मूळ कागदांशी ताडून बघता येऊ लागले.

हे किती वेळेवर झालं ते पुढच्याच वर्षी कळलं. मार्च २००९ नंतर कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरच्या नव्या आवृत्त्यांतून रेडिऑन ९७०० पासून एक्स१००० मालिकेपर्यंतची सगळी कार्डं वगळली गेली. एक्स१९५० हे महागडं कार्ड जाहीर झालं होतं ऑगस्ट २००६ मध्ये. तीन वर्षंही झाली नव्हती! बंदिस्त ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, जखडलेला असतो. कर्नेल बदलत राहतं, ड्रायव्हर बदलणारं कुणी उरत नाही, आणि एक दिवस तो चालतच नाही. कार्ड धडधाकट असतं, त्याच्याशी बोलणारं कुणी नसतं. पण या कार्डांसाठी तोवर दुसरा दुभाषा तयार झाला होता. तो 'आर३००' ड्रायव्हर आजही मेसामध्ये आहे. आमच्या घरी एक्स१३०० असलेला डेस्कटॉप आहे, त्यावर मामा सोसायटीचे हिशोब ठेवतो. या सगळ्या भानगडीचा त्याला पत्ता नाही, आणि असायची गरजही नाही.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. तिथे कागद आलेच नाहीत, म्हणून २००५ च्या सुमारास 'नूव्हो' सुरू झाला. फ्रेंचमध्ये नूव्हो म्हणजे नवा. त्यांनी एक छोटा प्रोग्राम सर्वांसाठी ठेवला. तुमच्याकडे जे कार्ड असेल त्यावर तो चालवायचा आणि निघालेली नोंद पाठवून द्यायची. जगभरातल्या लोकांनी पाठवल्या. कोड लिहिता न येणाऱ्या माणसाला आपल्या जुन्या कार्डासाठी करता येईल असं हे काम होतं, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. २०१० मध्ये नूव्हो मुख्य कर्नेलमध्ये आला. २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. पण ड्रायव्हर लिहिला तो त्या नोंदी पाठवणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी.

मग २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० आणि ९८० आली, आणि कुलूपच बदललं. कार्डाच्या आतलं फर्मवेअर कंपनीच्या डिजिटल सहीचं असेल तरच ते ऐकतं. वेग वाढवणारा भाग त्या सहीमागे अडकला. नूव्होवर ही कार्डं सुरू होतात, चित्र दिसतं, पण सुरू होतानाच्या मंद वेगावरच थांबतात. म्हणजे त्यांच्या आधीचं २०१२-१३ चं कार्ड, ज्याचा वेग हातानं वाढवता येतो, ते नूव्होवर जास्त कामाचं! मे २०२२ मध्ये एनव्हिडियानं कर्नेलमधला भाग खुला केला, पण २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्याच कार्डांसाठी. मधली अडकली ती अडकलीच. त्यात जीटीएक्स १०५० आणि १०६० येतात. तुमच्या ओळखीत कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये ती असतील. बंदिस्त ड्रायव्हरची ५८० ही मालिका त्यांच्यासाठी शेवटची, असं कंपनीनं २०२५ मध्ये सांगून टाकलंय.

खुला कोड अमर असतो, असंही समजू नका. २०२३ मध्ये लिनक्स ६.३ मधून थ्रीडीएफएक्स, मॅट्रॉक्स, सॅव्हेज यांचे पुरातन थ्रीडी ड्रायव्हर काढून टाकले. कुणी रडलं नाही, कारण मेसामधला त्यांचा जोडीदार दहा वर्षांपूर्वीच गेला होता. कोड सांभाळायला कोड लागतो, शिवाय ते कार्ड टेबलावर असलेला आणि बिघडलं तर वैतागणारा एक तरी माणूस लागतो. वेदर चॅनेलच्या नोंदीचा ड्रायव्हरही २०२१ च्या अखेरीस मेसाच्या मुख्य शाखेतून हलवला गेला. तो आता 'अँबर' नावाच्या जुन्या शाखेत आहे, नोंदीसकट. कुणाला हवा असेल तर उचलून दुरुस्त करता येतो. २००९ मध्ये बंद पडलेल्या बंदिस्त ड्रायव्हरबाबत तीही सोय नाही.

हे सगळं डेस्कटॉपवाल्यांचं, असं वाटत असेल तर तुमच्या हातातला फोन बघा. स्नॅपड्रॅगन असेल तर आत अड्रेनो नावाची ग्राफिक्स चिप आहे. तिचे कागद नसताना रॉब क्लार्क यांनी २०१२ मध्ये तशीच पाळत ठेवून 'फ्रीड्रेनो' सुरू केला. त्याच घरातला 'टर्निप' आता फोनवर पीसीचे गेम चालवू बघणारी मुलं स्वतःहून डाउनलोड करतात, कारण फोनबरोबर आलेल्या ड्रायव्हरवर काही गेम नीट दिसत नाहीत. टर्निप म्हणजे सलगम. सेटिंग्जमध्ये ते नाव दिसलं, तर आता तुम्हाला माहितेय ते कुठून आलं.