नाव कोणी ठेवायचं? लिनक्समधल्या ‘यूडेव्ह’ची गोष्ट

आजचा भाग सुरू करण्याआधी एक कबुली देतो. कॉलेजात असताना मी माझ्याच हातानं माझे तीन वर्षांचे फोटो उडवले होते.

झालं असं, की लिनक्सवर इन्स्टॉलेशनसाठी पेन ड्राइव्ह तयार करायचा होता. आदल्या दिवशी त्याचं नाव ‘एसडीबी’ होतं. दुसऱ्या दिवशी मी तीच जुनी कमांड वर काढली आणि एंटर मारला. पण त्या दिवशी एक्सटर्नल हार्ड डिस्क आधीच लावलेली होती. ‘एसडीबी’ हे नाव तिला मिळालं होतं, आणि पेन ड्राइव्ह झाला होता ‘एसडीसी’. कळेपर्यंत फोटो गेले होते.

त्या रात्री मी लिनक्सला भरपूर नावं ठेवली. नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की यंत्रांना नाव ठेवायचं कोणी, यावर लिनक्स लिहिणारी माणसंच कित्येक वर्षं भांडत होती. आज त्या भांडणाची गोष्ट.

सुरुवात करूया युनिक्सपासून. १९६९ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. त्यात त्यांनी एक भन्नाट कल्पना वापरली: प्रत्येक यंत्र फाइलसारखं दिसू दे. डिस्क, टर्मिनल, प्रिंटर, सगळं ‘डेव्ह’ नावाच्या एका फोल्डरमध्ये. प्रिंटरच्या फाइलमध्ये लिहिलं, की कागदावर छापलं जातं. वेगळ्या कमांड शिकायची गरज नाही.

आता या फाइलच्या पोटात खरं तर काहीच नसतं. असतात फक्त दोन आकडे, मेजर आणि मायनर. मेजर सांगतो की कोणत्या ड्रायव्हरकडे जायचं, आणि मायनर सांगतो की त्या ड्रायव्हरकडचं कितवं यंत्र. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, फक्त हे आकडे ओळखतो. नाव आपल्या सोयीसाठी. दवाखान्यात बाळाच्या हाताला नंबरची पट्टी बांधतात ना, तसे हे आकडे. नावाचं बघायचं ते बारशाला, आणि ते काम दवाखान्याचं नव्हे, आत्याचं!

१९९१ मध्ये लिनक्स आलं तेव्हा त्यानंही हीच पद्धत उचलली. अडचण अशी, की या फाइली आधीच बनवून ठेवाव्या लागायच्या. तुमच्याकडे कुठली डिस्क असेल, कुठला मॉडेम असेल, काय माहीत? मग शक्य असेल त्या सगळ्यांच्या फाइली करून ठेवा. २००३ मध्ये आलेल्या रेड हॅट ९ मध्ये या फोल्डरात १८ हजारांहून जास्त फाइली होत्या. त्यातली खरी यंत्रं जेमतेम काही डझन. म्हणजे बघा, गावात शंभर घरं आणि दारावरच्या पाट्या १८ हजार!

शिवाय मेजर आणि मायनर या दोन्ही आकड्यांना फक्त ८-८ बिट जागा होती. म्हणजे प्रत्येकी २५६ पर्याय. नवनवीन यंत्रं येत होती आणि आकडे संपत चालले होते.

आणि मग आलं यूएसबी. तोवर यंत्र जोडायचं म्हणजे कॉम्प्युटर बंद करायचा, डबा उघडायचा, कार्ड बसवायचं. यूएसबीनं सांगितलं, चालू मशीनला हवं तेव्हा लावा, हवं तेव्हा काढा. आता दोन सारखे प्रिंटर असले तर? आधी जोडलेला पहिला, नंतर जोडलेला दुसरा. उद्या क्रम बदलला की नावंही बदलली. ऑफिसचं पत्र भलत्याच खोलीत छापून आलं, असा प्रकार. माझ्या फोटोंचा घात झाला तो याच रोगानं.

यावर पहिला मोठा उपाय काढला रिचर्ड गूच यांनी. त्याचं नाव डेव्हएफएस. कल्पना साधी होती: यंत्र सापडलं की कर्नलनंच त्याची फाइल बनवायची, गेलं की काढून टाकायची. १८ हजार पाट्यांचा प्रश्न मिटला. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ मध्ये हे होतं.

पण याला कडाडून विरोध झाला. एक कारण तांत्रिक होतं. त्यात अशा चुका होत्या, की दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तर गोंधळ व्हायचा, आणि त्या दुरुस्त करणं फार अवघड होतं. दुसरं कारण तत्त्वाचं होतं, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. नावं कशी असावीत हे आता कर्नलमध्ये लिहिलं गेलं होतं. म्हणजे बारसं दवाखान्यानंच उरकून टाकलं. तुम्हाला वेगळं नाव हवं असेल, तर कर्नलशीच झगडा.

इथे एंट्री होते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांची. ते तेव्हा आयबीएममध्ये होते आणि लिनक्सचं यूएसबीचं काम बघायचे. एप्रिल २००३ मध्ये त्यांनी ‘यूडेव्ह’ची पहिली आवृत्ती जाहीर केली, आणि त्याच वर्षी ओटावातल्या लिनक्स परिषदेत त्यावर निबंध मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कर्नलनं फक्त काय आलंय ते सांगावं. नाव, परवानगी, पुढचं सगळं कर्नलच्या बाहेर ठरू दे. हे बाहेरचं जग म्हणजे यूजरस्पेस, जिथे आपली रोजची ॲप्स चालतात. तिथला प्रोग्राम बिघडला तर तो पुन्हा सुरू करता येतो. कर्नल बिघडला तर अख्खं मशीन बसतं.

हे शक्य झालं कारण पॅट्रिक मोशेल यांनी सिसएफएस तयार केलं होतं. त्यात कर्नल प्रत्येक यंत्राची माहिती मांडून ठेवतो: कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, सिरियल नंबर काय, कुठल्या पोर्टला लावलंय. यंत्र जोडलं की कर्नल आरोळी ठोकतो, ‘कोणीतरी आलंय!’ यूडेव्ह ती ऐकतो, माहिती वाचतो आणि तुमच्या नियमांच्या फाइली चाळतो. या सिरियल नंबरचा प्रिंटर दिसला तर त्याला ‘ऑफिस’ म्हण, कुठल्याही पोर्टला लावलेला असो. झालं बारसं! नियम साध्या मजकुरात असतात, कोणीही बदलू शकतं.

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स २.६ आलं. त्यात मेजरला १२ आणि मायनरला २० बिट मिळाले, त्यामुळे आकड्यांची टंचाईही संपली. डेव्हएफएस आणखी काही वर्षं रेंगाळलं आणि २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीतून कायमचं काढून टाकलं गेलं.

यूडेव्ह जिंकला, गोष्ट संपली? नाही ना! मशीन सुरू होताना सगळ्या फाइली यूजरस्पेसमधून बनवायला वेळ लागायचा. म्हणून २००९ मध्ये डेव्हटीएमपीएफएस आलं. त्यात मूळ फाइल पुन्हा कर्नलच बनवू लागला. गंमत म्हणजे ते आणणाऱ्यांत ग्रेग स्वतः होते, आणि यूडेव्हचं काम पुढे नेणारे के सीव्हर्सही होते. मात्र जादा नावं, परवानग्या आणि नियम यूडेव्हकडेच राहिले. म्हणजे पट्टी दवाखान्याची, नाव घरच्यांचं. बऱ्याच भांडणांचा शेवट असाच होतो, नाही का? २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टिमडी या प्रकल्पात सामील झाला आणि नवे वाद सुरू झाले. ती कहाणी परत कधीतरी.

आता तुम्ही म्हणाल, माझा काय संबंध? मी तर फोनवर ऐकतोय. अहो, अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. तिथे यूडेव्ह नाही, पण त्याचा धाकटा भाऊ आहे, यूइव्हेंटडी. कुठल्या यंत्राची फाइल कोणाला उघडता येईल, हे तो त्याच्या नियमांनुसार ठरवतो. आणि तुमच्यापैकी कोणी लिनक्स लॅपटॉपवर अँड्रॉइड ॲप बनवत असेल, तर फोन जोडल्यावर ‘परवानगी नाही’ हा संदेश बघितलाच असेल. तेव्हा जो नियम घालावा लागतो, तो यूडेव्हचाच. त्यात कंपनीचा यूएसबी क्रमांक लिहितात, गूगलसाठी १८डी१.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही सगळी ओळख यंत्रानं स्वतःच सांगितलेली असते. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी दाखवून दिलं, की पेन ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम बदलला तर तो ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगून स्वतःच कमांड टाइप करू शकतो. म्हणजे ओळख सांगितली म्हणून भरवसा ठेवलाच पाहिजे असं नाही. रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह लावू नका, हे त्यासाठीच.

आणि माझे फोटो? ते परत आले नाहीत. वाईट याचं वाटतं, की तेव्हाही यूडेव्ह माझ्या मशीनवर चालू होता. त्यानं त्या डिस्कला कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर असलेलं पक्कं नाव दिलेलं होतं, ‘डेव्ह’ फोल्डरमधल्या ‘डिस्क’ या उपफोल्डरात. क्रम बदलला तरी न बदलणारं नाव. मी ते बघितलंच नाही. तुम्ही डिस्क पुसणारी कमांड देताना तेच नाव वापरा, दोनदा वाचा आणि मग एंटर मारा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घेऊन ठेवा!